तांब्यावर लोखंडाचा मुलामा
(प्रस्तावना)

तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायची, रेषांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढायचा, ही इंटॅग्लिओ छपाईची रीत युरोपात पंधराव्या शतकापासून चालत आली. ड्यूररची खोदचित्रे, रेम्ब्रांटची एचिंग, पिरानेसीने रेखाटलेले रोम, गोयाची चित्रमाला, शिवाय कित्येक पिढ्यांचे नकाशे आणि ग्रंथांतली चित्रे याच रीतीने कागदावर उतरली. या रीतीची एक अडचण तिच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. तांबे मऊ असते. मऊ असते म्हणून त्यावर हात मोकळा चालतो आणि बारीकातली बारीक रेषा उमटते. मऊ असते म्हणूनच ते झिजते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या अडचणीवर उपाय निघाला. कोरून पुरी झालेली तांब्याची प्लेट लोहक्षाराच्या द्रावणात टांगायची आणि विजेच्या प्रवाहाने तिच्यावर लोखंडाचा अतिशय पातळ थर चढवायचा. कारखान्यांत याला स्टील-फेसिंग हे नाव पडले, फ्रेंच लोक आसिएराज म्हणतात. मुद्राचित्रांच्या इतिहासात या थराला सहसा एखाददुसरे वाक्य मिळते, तेही तांत्रिक टिपेत. माझे म्हणणे असे आहे की त्याची जागा टिपेत नाही, मुख्य मजकुरात आहे. एका प्लेटचे किती चांगले ठसे निघणार, हे तोवर मुख्यतः धातू ठरवत होता. या थरानंतर ते माणसाला ठरवावे लागले. आज मुद्राचित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला ७/५०, म्हणजे पन्नासांपैकी सातवा ठसा, यासारखा आकडा आपण सहज वाचून पुढे जातो. तो आकडा एवढा आवश्यक का झाला, याचे मोठे उत्तर या काही मायक्रॉन जाडीच्या लोखंडात आहे.

प्लेट झिजते ती केवळ प्रेसच्या दाबाने, असा समज आहे. दाब मोठा असतो हे खरे. कागद रेषेच्या तळापर्यंत शिरून शाई उचलून आणतो, एवढा तो असावा लागतो. पण दर ठशामागे प्लेटला आणखी एक गोष्ट सोसावी लागते. शाई सगळीकडे चोपडल्यावर ती जाळीदार कापडाच्या बोळ्याने पुसतात, मग दुसऱ्या, त्याहून स्वच्छ बोळ्याने, आणि पुष्कळ छापखान्यांत शेवटी खडूची भुकटी लावलेल्या तळहाताने. शाईतला रंगकण स्वतःच बारीक दळलेली भुकटी असतो. म्हणजे प्रत्येक ठशाच्या आधी प्लेटवर सौम्य घासणी होते, आणि शंभर ठशांआधी शंभर वेळा होते. रेषेच्या कडा आधी गोलावतात, मग उथळ रेषा विरळ होतात आणि शेवटी नाहीशा होतात. कोणत्या पद्धतीने प्लेट केली आहे त्यावर हे किती लवकर घडेल ते अवलंबून असते. ब्युरिन या कोरणीने खोल कोरलेली रेषा काही शे ठशांपर्यंत नीट टिकते, हजारावर गेली तरी ओळखण्याजोगी राहते. एचिंगची, म्हणजे आम्लाने खाल्लेली, रेषा त्या मानाने लवकर थकते. ॲक्वाटिंटचा दाणा आणि मेझोटिंटची खरखरीत केलेली मखमल फार नाजूक. मेझोटिंटचे पहिल्या प्रतीचे ठसे काही डझनांतच संपतात. ड्रायपॉइंटमध्ये सुई तांबे नांगरत जाते आणि रेषेच्या काठाला धातूची बारीक धस उभी राहते. सगळा मऊ काळोख त्या धसेतच साठलेल्या शाईचा असतो, आणि ती धस दहा-वीस ठशांत मोडू लागते.

या झिजेचा पुरावा संग्रहालयांच्या पेट्यांत भरपूर आहे, कारण लोक झिजलेल्या प्लेटा टाकून देत नसत. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला; त्याच्या कितीतरी प्लेटा हातोहात फिरत अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचा प्रकाशक बासाँ याच्याकडे आल्या आणि तिथून पुढेही छापल्या जात राहिल्या. त्या उशिराच्या ठशांत सावल्या सपाट झाल्या आहेत, आणि जिथे रेषा गेली होती तिथे दुसऱ्या कुणी पुन्हा कोरले आहे. होगार्थच्या प्लेटा त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, १८२२ मध्ये, जेम्स हीथने दुरुस्त केल्या आणि त्यांची मोठी आवृत्ती निघाली. टर्नरने १८०७ ते १८१९ या काळात ‘लिबेर स्टुडिओरम’ प्रसिद्ध केले तेव्हा मेझोटिंटच्या प्लेटा छपाई चालू असतानाच उतरू लागल्या. तो स्वतः त्यांवर पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला, त्यामुळे एकाच चित्राचे आधीचे आणि नंतरचे ठसे वातावरणानेच वेगळे दिसतात. गोयाच्या ‘काप्रिचोस’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. १७९९ मध्ये ८० चित्रांचे सुमारे ३०० संच छापले गेले. १८०३ मध्ये गोयाने प्लेटा आणि न खपलेले २४० संच स्पेनच्या राजाला दिले. पुढे १९३७ पर्यंत त्या प्लेटांच्या एकूण बारा आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीतला काळोख घट्ट आहे. शेवटच्या आवृत्त्यांमध्ये ॲक्वाटिंटचा दाणा एवढा विरला आहे की जिथे रात्र होती तिथे करडा पडदा उरला आहे. लवकरच्या ठशासाठी जास्त पैसे मोजण्याची संग्राहकांची जुनी सवय हौसेतून आलेली नव्हती. पहिला ठसा आणि पाचशेवा ठसा या दोन वेगळ्या दर्जाच्या वस्तू होत्या, आणि ते डोळ्यांना दिसत होते.

यावर लोखंडी थराआधी दोन उपाय झाले, आणि दोन्ही पुरेसे का ठरले नाहीत ते समजून घेतल्याशिवाय तिसऱ्याचे मोल कळत नाही. पहिला उपाय तांबेच सोडण्याचा. अमेरिकन जेकब पर्किन्स १८१९ मध्ये इंग्लंडला आला तो पोलादी प्लेटा घेऊन; मऊ केलेल्या पोलादावर कोरायचे, मग ते कडक करायचे, आणि रुळाच्या मदतीने तीच आकृती दुसऱ्या प्लेटांवर उठवायची. १८४० चे ‘पेनी ब्लॅक’ तिकीट या परंपरेतले. १८२२ मध्ये टॉमस लप्टनला पोलादावरील मेझोटिंटसाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने गौरवले. नोटा, तिकिटे आणि भेटीदाखल देण्याच्या सचित्र वार्षिकांसाठी पोलाद उत्तम होते. पण कडक धातू हाताला वळण लावतो. पोलादावरची रेषा बारीक, उथळ, दाट आणि रुपेरी करडी येते. तांब्यावरच्या रेषेतला भरदार काळेपणा आणि हाताचा मोकळेपणा तिथे दुर्मिळ. कितीही ठसे निघोत, चित्र पोलादाच्या स्वभावाने काढावे लागते. दुसरा उपाय विद्युत-प्रतिकृतीचा. सेंट पीटर्सबर्गचे मॉरित्स याकोबी आणि लिव्हरपूलचे टॉमस स्पेन्सर यांनी १८३८-३९ च्या सुमारास विजेने तांबे बसवून हुबेहूब प्रतिकृती काढण्याचे तंत्र पुढे आणले. त्यामुळे मूळ प्लेट जपून ठेवायची आणि तिच्या तांब्याच्या प्रतींवरून छापायचे, ही सोय झाली. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने आणि अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेने नकाशांसाठी हा मार्ग धरला. नकाशाला तो शोभतो, कारण रस्ता, रेल्वे, गाव बदलत राहते आणि दुरुस्तीसाठी अनेक प्रती हाताशी असलेल्या बऱ्या. चित्रकाराला मात्र तो गैरसोयीचा. प्रत काढण्यासाठी आधी उलटा साचा, मग साच्यातून सुलटी प्लेट, यात दिवसच्या दिवस जातात. आणि निघालेली प्रत पुन्हा तांब्याचीच, म्हणजे तितकीच झिजणारी.

तिसऱ्या उपायाचे रसायन फ्रँकफर्टचे रुडॉल्फ ब्योटगर यांनी १८४६ मध्ये दाखवले: अमोनियाचे क्षार मिसळलेल्या लोहद्रावणातून विजेने चकचकीत, घट्ट लोखंड बसवता येते. ते छपाईच्या प्लेटवर वापरण्याचे काम पॅरिसमध्ये झाले. आंरी गार्निए यांच्या नावाशी जोडलेली पेटंटे १८५७ च्या सुमाराची आहेत. १८५८ मध्ये लंडनमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच खोदकार फर्डिनां जूबेर यांनी सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे ही प्रक्रिया मांडली. ब्रिटनच्या १८५५ च्या चार पेनी तिकिटासाठी राणीचे मस्तक कोरणारे हेच जूबेर. कोरणाऱ्याच्या हातातूनच हे तंत्र इंग्लंडमध्ये आले, ही बाब मला महत्त्वाची वाटते. कोरलेल्या रेषेचे काय होते आणि काय होऊ द्यायचे नाही, हे त्याला ठाऊक होते.

प्रक्रिया दिसायला साधी आहे. आयताकृती टाकीत अमोनियम क्लोराइड आणि लोहक्षाराचे फिकट हिरवे द्रावण. एका बाजूला शुद्ध लोखंडाचा पत्रा, तो धन टोकाला. समोर तांब्याची प्लेट, ती ऋण टोकाला. व्होल्टेज अगदी थोडे. अवघड काम टाकीच्या आधीचे. रेषांच्या तळाशी जुनी शाई किंवा तेलाचा अंश राहिला तर तिथे लोखंड धरत नाही, म्हणून प्लेट क्षाराने आणि खडूने घासून, धुऊन एवढी स्वच्छ करतात की पाणी तिच्यावर थेंबाथेंबाने न गोळा होता सलग पसरावे. पाण्याचा हा सलग पडदा फुटला तर धुणे पुन्हा. टाकीत उतरल्यावर काही क्षणांत तांब्याची लाली जाऊन प्लेट रुपेरी होते. पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटतात. ते तसेच राहिले तर तिथे सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते, म्हणून अधूनमधून प्लेट हलवावी किंवा मऊ ब्रशने पुसावी लागते. द्रावणावर हवेमुळे गंजाच्या रंगाची साय येते, ती काढून टाकावी लागते. काही मिनिटांत काम होते. मग धुणे, लगेच कोरडे करणे आणि तेलाचा किंवा मेणाचा हात देणे, कारण तांब्याला लागून असलेले लोखंड एरवीच्या लोखंडापेक्षा लवकर गंजते. एवढा पातळ थर एवढा कडक कसा, याचे उत्तर तो बसतानाच्या घडणीत आहे. विजेने बसलेल्या लोखंडाचे स्फटिक फार बारीक असतात आणि त्यात हायड्रोजन अडकून राहतो. तो धातूला ताणून कडक आणि ठिसूळ करतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८६० च्या दशकाच्या अखेरीस क्लाइन यांनी सरकारी छपाईसाठी लोखंडाच्या जाड प्रतिकृती काढल्या, तेव्हा हे स्पष्ट दिसले: तापवल्यावर वायू निघून जातो आणि तेच लोखंड मऊ, लवचिक होते. छपाईच्या प्लेटला तो मऊपणा नको असतो, म्हणून तिला तापवून मऊ करत नाहीत.

आपल्याकडे तांब्याच्या भांड्यांना कल्हई करत आणि आतून लाली दिसू लागली की भांडे पुन्हा कल्हईवाल्याकडे जाई. लोखंडी मुलाम्याची देखभाल नेमकी तशीच चालते. छापणाऱ्याला कुठे तरी रुपेरी पृष्ठभागावर तांबूस ठिपका दिसला की तो थांबतो. पातळ सल्फ्युरिक आम्लात उरलेले लोखंड विरघळून जाते, तांब्याला धक्का लागत नाही. खाली मूळ प्लेट जशी होती तशी असते, आणि तिच्यावर पुन्हा थर चढवता येतो. झीज आता तांब्याची होत नाही, वरच्या थराची होते, आणि तो थर केव्हाही नवा करता येतो. शेकड्यांत संपणाऱ्या प्लेटा हजारांत गेल्या. ड्रायपॉइंटसारखी, जिचे दोन डझन ठसे निघाले तरी छापणारा समाधान मानत असे अशी प्लेट शेकडो ठसे देऊ लागली.

यातून काय घडले ते फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या एचिंगच्या नव्या लाटेत दिसते. १८५९ मध्ये सुरू झालेले ‘गझेत दे बोझार’, १८६२ मध्ये कादारने उभी केलेली एचिंगकारांची संस्था, १८७० मध्ये हॅमर्टनने लंडनला काढलेले ‘पोर्टफोलिओ’ मासिक: या सगळ्यांचा पाया असा, की कलावंताने स्वतः कोरलेल्या प्लेटवरून थेट छापलेले चित्र वाचकाच्या हाती जावे. व्हिसलरचे ‘बिलिंग्सगेट’ जानेवारी १८७८ च्या ‘पोर्टफोलिओ’मध्ये असे आले. नाजूक एचिंगची मासिकाच्या खपाइतकी छपाई उघड्या तांब्यावर करायची तर शेवटच्या वाचकाला पहिल्याच्या निम्मे चित्र मिळाले असते. मुलाम्याने शेवटचा वाचक आणि पहिला वाचक यांना जवळजवळ सारखे केले. मुद्राचित्राच्या इतिहासात ही गोष्ट मोठी आहे आणि तिचे स्वागत मोकळ्या मनाने व्हायला हवे. पण त्याच घटकेला एक प्रश्न उभा राहिला. तोवर संग्राहक ठशाकडे पाहून सांगू शकत होता की हा लवकरचा की उशिराचा. झीज ही प्लेटची जन्मनोंद होती. ती खोटी लिहिता येत नसे. आता तिसावा आणि तीन हजारावा ठसा शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक सापडेना. मग मर्यादा कुणी घालायची? धातू घालेना, तेव्हा कलावंत, प्रकाशक आणि विक्रेता यांना शब्द द्यावा लागला: इतकेच छापू. तो शब्द पाळला हे दाखवायला प्रत्येक ठशावर आकडा आणि सही आली. आणि छपाई संपल्यावर प्लेटवर आडव्यातिडव्या रेषा ओढून ती रद्द करण्याची, रद्द केल्याचा ठसा पुरावा म्हणून ठेवण्याची प्रथा रुजली. धातू जे आपोआप करत असे ते आता कागदावर, सहीने, करारात करावे लागले.

यावर एक आक्षेप असा घेता येईल की मर्यादित आवृत्ती हा बाजाराचा डाव आहे, त्याचा लोखंडाशी संबंध नाही. लिथोग्राफी १८०० च्या आसपास आली आणि तिचेही ठसे पुष्कळ निघत. पोलादी प्लेटाही होत्याच. शिवाय लंडनच्या छापचित्र-विक्रेत्यांची संघटना १८४७ मध्येच स्थापन झाली आणि ती ‘प्रूफ’ म्हणजे सुरुवातीच्या निवडक ठशांवर शिक्का मारून त्यांची संख्या नोंदवत असे. म्हणजे मुलामा येण्याच्या दहा वर्षे आधी. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यातला खरा भाग मी मान्य करतो. पण तोच पुरावा बारकाईने पाहिला तर माझ्या म्हणण्याला बळ देतो. संघटनेला शिक्के मारावे लागले ते पोलादावर छापलेल्या मोठ्या खपाच्या चित्रांसाठी, म्हणजे जिथे धातूने मर्यादा घालणे आधीच सोडले होते तिथे. तांब्यावरच्या एचिंगला आणि ड्रायपॉइंटला तेव्हा अशा शिक्क्याची गरज भासत नव्हती. त्यांचा पहारेकरी त्यांची झीज होती. जिथे जिथे प्लेट टिकाऊ झाली तिथे तिथे आकडा आला, आणि तांब्याच्या कलाचित्रांपर्यंत तो पोचला तो तांबे टिकाऊ झाल्यावर. बाजाराला दुर्मिळता हवीच होती, हे खरे. पण ती धातू फुकट पुरवत होता तोवर कुणी ती लिहून देत नव्हते.

दुसरा आक्षेप दर्जाचा, आणि कलावंत व संग्राहक तो मनापासून घेतात. लोखंड चढले की रेषा बोथट होते, काळेपणा पातळ होतो, ठसा थंड दिसतो. यासाठी पिकासोच्या सर्कशीतल्या माणसांच्या चित्रमालेचे उदाहरण हमखास दिले जाते. १९०४-०५ मधल्या या प्लेटांचे थोडे ठसे आधी निघाले होते. १९११ मध्ये चित्रविक्रेता आंब्र्वाझ व्होलारने प्लेटा विकत घेतल्या, त्यांवर लोखंडाचा थर चढवला आणि १९१३ मध्ये छापणारे लुई फोर यांच्याकडून नेहमीच्या कागदावर २५० आणि जपानी कागदावर त्याहून थोडे ठसे काढून घेतले. मुलाम्याआधीचे ठसे अधिक मऊ, अधिक काळे आहेत यात शंका नाही, आणि बाजारात त्यांची किंमत कितीतरी पटींनी जास्त आहे. पण या तुलनेतून मुलाम्याला दोषी ठरवणे घाईचे होईल. दोन गटांतला छापणारा वेगळा, कागद वेगळा, शाई पुसण्याची रीत वेगळी. आणि मुळात यातल्या बहुतेक प्लेटा ड्रायपॉइंटच्या. धस पहिल्या ठशांपासूनच वाकत आली होती, म्हणजे मुलामा चढण्याआधीच काही गेले होते. खरी तुलना उघड्या तांब्यावरचा पाचवा ठसा आणि मुलाम्यानंतरचा दोनशेवा यांच्यात नसून, मुलाम्यावरचा दोनशेवा आणि उघड्या तांब्यावरचा दोनशेवा यांच्यात करायला हवी. ड्रायपॉइंटच्या बाबतीत हा दुसरा ठसा पाहण्याजोगा उरतच नाही. आक्षेपातला जो भाग टिकतो तो असा: लोखंडावरून शाई अधिक स्वच्छ पुसली जाते, म्हणून उघड्या तांब्यावर आपोआप राहणारा शाईचा हलका पापुद्रा इथे मुद्दाम राखावा लागतो. व्हिसलरने व्हेनिसच्या प्लेटा वर्षानुवर्षे स्वतः पुसून छापल्या, तेव्हा तो पापुद्रा हेच त्याचे रंगकाम होते. ज्याला तसे काम करायचे आहे त्याने मुलामा टाळावा, किंवा पुसण्याची रीत बदलावी. थर जाड चढवला तर बारीक रेषांची तोंडे भरतात, हेही खरे. तो दोष हाताचा, पद्धतीचा नव्हे.

उलट, काही कामे मुलाम्यामुळेच जमली, आणि आक्षेप घेणारे ती सहसा विसरतात. तांबे रंगीत शाईशी प्रतिक्रिया करते. पाऱ्यापासून केलेला हिंगुळ तांब्याच्या संपर्काने काळवंडतो, काही पिवळे रंग हिरवट होतात. लोखंडाने मध्ये पडदा घातला की पिवळा पिवळाच राहतो. फोटोग्राव्हूरची उपयुक्तता तर जवळजवळ या थरावरच उभी राहिली. कारेल क्लिच यांनी १८७९ च्या सुमारास रूढ केलेल्या या पद्धतीत छायाचित्राच्या छटा तांब्यात फार उथळ खोलीने उतरतात. सर्वांत फिकट छटेची खोली जेमतेम असते आणि उघड्या तांब्यावर ती आधी जाते. ‘कॅमेरा वर्क’ हे स्टिग्लिट्झचे १९०३ ते १९१७ पर्यंत चाललेले त्रैमासिक किंवा एडवर्ड कर्टिसचे १९०७ ते १९३० मध्ये वीस खंडांत निघालेले ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ ज्या काळात निघाले, त्या काळात छायाचित्राच्या उत्कृष्ट छपाईसाठी मुलामा चढवलेली तांब्याची प्लेट हे नेहमीचे साधन होते.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मुलाम्यामुळे मृत कलावंताच्या प्लेटा छापत राहणे सोपे झाले. लुव्र संग्रहालयाचा शाल्कोग्राफी विभाग, १७९७ पासूनचा, आपल्या हजारो जुन्या प्लेटा मुलामा चढवून अजूनही छापतो. रोमच्या काल्कोग्राफिया या प्लेटसंग्रहाकडे पिरानेसीच्या प्लेटा एकोणिसाव्या शतकात पोप सोळाव्या ग्रेगरीच्या कारकिर्दीत आल्या. त्यांनाही पुढे असे थर मिळाले. कलावंताने पाहिला नाही असा ठसा त्याच्या नावाने विकावा का? प्रश्न रास्त आहे. पण मुलामा नसताना हे छापणे थांबले नव्हते. रेम्ब्रांट आणि होगार्थच्या प्लेटांचे काय झाले ते वर पाहिलेच. तेव्हा झिजलेली प्लेट परक्या हाताने पुन्हा कोरली जाई, आणि मूळ रेषा कायमची जाई. आता वरचा थर काढून मूळ तांबे तपासता येते. जुन्या प्लेटेचे एवढे जतन दुसऱ्या कोणत्याही छपाईच्या सोयीने केलेले नाही. गैरवापर होतो तो उशिराचा ठसा उशिराचा म्हणून न विकल्यामुळे, आणि त्याचा बंदोबस्त नोंदीने करायचा असतो.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. नाना फडणवीसांच्या प्रेरणेने पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरून छपाईचा प्रयत्न सुरू झाला होता, आणि १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तशा कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. कोरून छापणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या तांबट कारागिरांना ठाऊक होते. टिकाऊपणाच्या प्रश्नाचे आजचे उत्तरही हाताला लागते. शंभर आणि पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवले की शाईचा उठाव जाणवतो, तो इंटॅग्लिओचा. नाशिकच्या करन्सी नोट प्रेससारख्या कारखान्यांत लागणाऱ्या प्लेटा आता लोखंडाने झाकत नाहीत. १९२० च्या दशकात क्रोमियमचा मुलामा व्यवहारात आला, तो लोखंडापेक्षा पुष्कळ कडक, आणि नोटांच्या जगात त्याने लोखंडाची जागा घेतली. कलेच्या छोट्या कार्यशाळांत मात्र लोखंड टिकून आहे. क्रोमियमच्या टाकीतले षट्संयुजी क्रोमियम विषारी आहे. अमोनियम क्लोराइड आणि लोखंडाची टाकी एका खोलीत, साध्या काळजीने चालवता येते. आपल्या कलाशाळांत एचिंगसाठी जस्ताची प्लेट अधिक वापरतात, कारण ती स्वस्त. जस्तावर लोखंड थेट नीट बसत नाही, आधी तांब्याचा पातळ थर द्यावा लागतो. त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे फारसे शिकवले गेले नाही, आणि विद्यार्थी दहा ठशांची आवृत्ती ठरवतो तेव्हा अनेकदा ती त्याने ठरवलेली नसते, प्लेटेने ठरवलेली असते.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना, विशेषतः संग्रहालयांत नोंदी करणाऱ्यांना, दालनांत विक्री करणाऱ्यांना आणि स्वतः छापणाऱ्यांना, माझी एक विनंती आहे. ठशाच्या नोंदीत कागद, आकार, सही आणि आकडा यांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: हा ठसा मुलाम्याआधीचा की नंतरचा, आणि मुलामा कोणत्या धातूचा. प्लेट हाती असेल तर ती रुपेरी आहे की तांबूस, हे पाहायला एक क्षण पुरतो. प्लेट नसेल तर छापणाऱ्याच्या वहीत किंवा प्रकाशकाच्या कागदपत्रांत ते सापडू शकते, आणि छापणारा हयात असेल तर त्याला विचारता येते. विकत घेणाऱ्यांनीही हा प्रश्न आवर्जून विचारावा.